गोदाच्या खर्चाची वही : दिव्यांग कल्याण विभागास खुले पत्र

प्रति,
मा. सचिव,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.

विषय : दृष्टिहीन व्यक्तीच्या मार्गदर्शक कुत्र्याच्या प्रशिक्षणाचा व सांभाळाचा खर्च.

मा. महोदय,

मी पोलीस दलाच्या श्वान पथकात 19 वर्षे हँडलर होतो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. त्या काळात माझ्याकडे एकामागून एक तीन कुत्री आली, तिन्ही स्फोटके हुंगून काढणारी. आषाढीच्या पालखीआधी रस्ता तपासणे, सभेआधी व्यासपीठाखाली शिरणे, बेवारस बॅगेभोवती फिरणे हे आमचे रोजचे काम. या 19 वर्षांत कुत्र्याचे खाणे, औषध, पट्टा, बिछाना यांपैकी कशासाठीही मला स्वतःच्या खिशात हात घालावा लागला नाही, आणि एवढा खर्च कुत्र्यावर कशाला, असे कोणत्याही वरिष्ठाने विचारल्याचे मला आठवत नाही. निवृत्तीनंतर मी आणखी एक कुत्री तयार केली. ती बॉम्ब शोधत नाही. माझ्या दृष्टिहीन पुतणीला घरापासून बँकेपर्यंत नेते आणि परत आणते. या कुत्रीबद्दल मात्र तो प्रश्न मला तीन कार्यालयांत विचारण्यात आला, म्हणून हे पत्र आपल्याला उघडपणे लिहीत आहे.

माझ्या थोरल्या भावाची ही मुलगी पुण्यात एका बँकेत लिपिक आहे. रेटिनायटिस पिगमेंटोसा या आजारात आधी रात्रीचे दिसेनासे होते, मग बाजूची नजर आवळत जाते आणि नळीतून पाहावे तेवढेच उरते. तिचे तेवढेही पंचविशीपर्यंत गेले. पांढरी काठी ती सफाईने चालवते. पण काठी जमिनीवरचा अडथळा सांगते, कपाळाच्या उंचीवरचा सांगत नाही. काही वर्षांपूर्वी पदपथावर आडव्या आलेल्या फलकाच्या लोखंडी कोपऱ्याने तिच्या भुवईवर सहा टाके घातले. त्या रात्री दवाखान्यातून परतताना ती म्हणाली, ‘काका, तुम्ही कुत्र्याला बॉम्ब शोधायला शिकवता, मग फलक शोधायला का नाही शिकवत?’ ती हे चिडून म्हणाली होती. मी मात्र ते मनावर घेतले.

गोदा ही लॅब्राडोर जातीची कुत्री आता साडेतीन वर्षांची आहे. तिच्या प्रशिक्षणावर झालेल्या खर्चातला काही भाग मिळावा आणि पुढच्या सांभाळासाठी अल्पसे मासिक साहाय्य व्हावे, असा अर्ज पुतणीने गेल्या वर्षी केला. पहिल्या कार्यालयाने कुत्रा हा प्राणी असल्याने तो साहाय्यभूत साधनांच्या यादीत बसत नाही, असे सांगून पशुसंवर्धनाकडे बोट दाखवले. पशुसंवर्धनाचे काम पाहणाऱ्या कार्यालयाने हा दिव्यांगांचा विषय असल्याचे सांगितले. तिसऱ्या कार्यालयाने गेल्या महिन्यात अर्ज ‘दप्तरी दाखल’ केला. खात्यात हयात घालवलेल्या माणसाला या दोन शब्दांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. त्या कार्यालयांची नावे मी येथे घेत नाही, कारण तिथल्या कारकुनांची चूक नव्हती. त्यांच्यासमोरच्या यादीत कुत्रा खरोखरच नव्हता, आणि यादी त्यांनी केलेली नव्हती.

खर्चाचा विषय आहे, तेव्हा आधी खर्च सांगतो. पोलिसात नोंद नसलेली गोष्ट घडलेलीच नसते, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. त्यामुळे पिल्लू घरी आणल्या दिवसापासूनची वही माझ्याकडे आहे. त्या वहीतली पहिली काही पाने गोदाची नाहीत. ती तिच्याआधी आणलेल्या शेरा नावाच्या कुत्र्याची आहेत. शेरा देखणा होता, आज्ञाधारक होता, माणसांवर जीव टाकणारा होता. अकरा महिन्यांचा असताना गणपतीच्या आधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला आणि त्या आवाजाने तो रस्त्यात पोट टेकवून बसला. नंतर स्कूटरचा सायलेन्सर फुटला तरी बसू लागला. अशा कुत्र्याच्या पट्ट्याला दृष्टिहीन माणसाचा हात देणे म्हणजे त्या माणसाला भर चौकात सोडून येणे. शेरा आता भावाच्या शेतावर सुखात आहे. त्याची किंमत 18 हजार, अकरा महिन्यांचे खाणे 44 हजार आणि दवाखाना 8 हजार, असे 70 हजार रुपये त्याच्यावर खर्च झाले.

गोदाची बेरीज अशी : पिल्लाची किंमत 22 हजार. 26 महिन्यांचे खाणे, महिन्याला सरासरी साडेचार हजार धरून, 1 लाख 17 हजार. लसी, जंतनाशके, खुब्याच्या सांध्यांचे एक्स-रे, डोळ्यांची तपासणी आणि नसबंदी मिळून 31 हजार 500. हार्नेस, पट्टे आणि इतर सामान 9 हजार 300. यातला हार्नेस कोल्हापूरच्या एका कारागिराने तीनदा उसवून चौथ्यांदा बरोबर केला, कारण बैलाचे साज शिवणाऱ्या त्या हातांनाही कुत्र्याच्या खांद्यावर ताठ मूठ बसवायचे काम नवे होते. प्रशिक्षणासाठी रोज वेगवेगळ्या भागांत जाण्याचा प्रवासखर्च 38 हजार 200. बस कमी आणि रिक्षा जास्त, कारण बसमध्ये आम्हाला कोणी घेत नव्हते. एकूण 2 लाख 18 हजार. शेराचे धरून 2 लाख 88 हजार.

या बेरजेत माझी मजुरी नाही. मी 26 महिने रोज तीन ते चार तास, पावसाळ्यातही, तिच्याबरोबर चाललो. मला निवृत्तिवेतन आहे म्हणून जमले. हेच काम एखाद्या जाणकार प्रशिक्षकाने करायचे आणि त्याला महिन्याला 20 हजार, म्हणजे कोणालाही जास्त वाटू नये इतकेच, द्यायचे म्हटले तर आणखी 5 लाख 20 हजार होतात. म्हणजे गोदाची खरी किंमत 8 लाख 8 हजार रुपये आहे. त्यातला निम्म्याहून अधिक भाग कुत्र्यावर नव्हे, माणसाच्या वेळेवर जातो, हे मी मुद्दाम नोंदवतो. कुत्रा महाग आहे असे म्हणणारे पिल्लाची किंमत डोळ्यांसमोर ठेवून बोलतात. पिल्लाची किंमत या हिशेबात जेमतेम तीन टक्के आहे.

शेराचे 70 हजार मी गोदाच्या खात्यात का घातले, असे पुतणीच्या एका सहकाऱ्याने विचारले. त्याचे कारण असे की जगात जिथे जिथे हे काम होते तिथे काही पिल्ले या ना त्या कारणाने गळतातच. कोणाचा खुबा कच्चा निघतो, कोणी मांजरामागे धावतो, कोणी आवाजाला भितो. गळणाऱ्यांचा खर्च उतरणाऱ्यांच्या किमतीत धरावाच लागतो. तो धरायचा नाही असे ठरवले, तर गळायला हवा असा कुत्राही कोणाच्या तरी हाती दिला जाईल, आणि त्याची किंमत रुपयांत मोजता येणार नाही.

एवढे 26 महिने शिकवायचे तरी काय, हेही सांगायला हवे, कारण निर्णय घेणाऱ्यांपैकी अनेकांची समजूत अशी दिसली की कुत्रा हिरवा दिवा पाहून रस्ता ओलांडतो. तसे होत नाही. कुत्रा सिग्नल वाचत नाही. कुठे जायचे आणि कधी ओलांडायचे, हे वाहनांच्या आवाजावरून माणूसच ठरवतो. कुत्र्याचे काम सरळ रेषेत नेणे, पायरी व कड आली की थांबणे, अडथळ्याला वळसा घालणे आणि धोका असेल तर हुकूम न पाळणे. यातले शेवटचे सर्वांत अवघड. आमच्या खात्यात हुकूम मोडणारा कुत्रा परीक्षेत नापास होतो. येथे मला ‘पुढे’ म्हणून सांगायचे आणि पुढे उघडे चेंबर असेल तर ती जागची हलली नाही म्हणून तिला शाबासकी द्यायची होती. जन्मभराची माझीच शिस्त मला उलटी करावी लागली. या एका धड्याला चार महिने लागले.

दुसरे अवघड काम म्हणजे माणसाची उंची कुत्र्याच्या अंगात भरवणे. जमिनीपासून दोन फुटांवर डोके असलेल्या प्राण्याला साडेपाच फुटांवरचा फलक आपल्या वाटेतला वाटत नाही. तो त्याखालून निवांत जातो. मी अंगणात वेगवेगळ्या उंचीवर बांबू आडवे बांधले, तिच्याबरोबर चाललो, बांबूवर आपटलो, थांबलो, तिला तो दाखवला, परत फिरलो, पुन्हा चाललो. हे शेकडो वेळा झाले. त्यानंतर लोंबकळत्या केबल, मांडवाचे वासे, टेम्पोतून बाहेर आलेल्या सळ्या. परदेशात पदपथाची कड ठरावीक उंचीची असते, आणि कड म्हणजे थांबा, हे पिल्लू काही आठवड्यांत शिकते. आपल्या शहरात एका ठिकाणी कड गुडघ्याएवढी, वीस पावलांवर ती मुळातच नाही, आणि पुढे पदपथावरच वडापावची गाडी. इथला कुत्रा शिकवायला जास्त वेळ लागतो तो कुत्रा मंद असतो म्हणून नव्हे.

शेवटचे सहा आठवडे पुतणी आणि गोदा यांनी एकत्र काढले. या काळात मी दहा पावले मागून चालत असे आणि तोंड बंद ठेवत असे, हे मला सर्वांत जड गेले. या जोडीने शिकण्यासाठी पुतणीने स्वतःची अर्जित रजा खर्च केली, कारण या कामासाठी रजेचा कोणताही प्रकार नाही. तोही खर्च वहीत नाही.

एक कबुली येथे दिली पाहिजे. गोदा चांगली कुत्री आहे, पण आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक श्वान महासंघाच्या मापाने तपासली तर ती किती गुण मिळवेल याची खात्री मी देणार नाही. मी स्फोटकांच्या कुत्र्यांचा माणूस. जे शिकलो ते वाचून, विचारून आणि चुकून शिकलो. माझे पाहून आणखी कोणी घराच्या अंगणात हा प्रयोग करावा, असे मला अजिबात वाटत नाही. काका पोलिसात हँडलर होते म्हणून एका मुलीला कुत्रा मिळाला, ही व्यवस्था होऊ शकत नाही. 2011 च्या जनगणनेनुसार देशात सुमारे 50 लाख आणि एकट्या महाराष्ट्रात साडेपाच लाखांहून अधिक व्यक्तींना दृष्टीसंबंधी दिव्यांगत्व आहे.

हा प्रश्न नवा नाही. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे 1916 मध्ये अशी पहिली शाळा निघाली. अमेरिकेत 1929 मध्ये सुरू झालेली ‘द सीइंग आय’ ही संस्था आजही पहिल्या कुत्र्यासाठी 150 डॉलर एवढेच शुल्क घेते आणि हा आकडा तिने 1930 च्या दशकापासून वाढवलेला नाही, जरी तिकडे एका कुत्र्यामागे 40 हजार डॉलरच्या वरच खर्च धरला जातो. बाकीचा भार देणग्या उचलतात. ब्रिटनमध्ये 1931 पासून हे काम चालू आहे. दक्षिण कोरियात एका उद्योगसमूहाने 1993 मध्ये शाळा काढली. जपानने 2002 मध्ये साहाय्यक कुत्र्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. पद्धती निरनिराळ्या आहेत. पण पूर्ण बिल दृष्टिहीन माणसाच्या हातात ठेवावे, असे यांपैकी कोणालाही सुचलेले नाही.

आता माझ्या तक्रारी. पहिली आपल्या हातातील यादीबद्दल आहे. केंद्राची साहाय्यभूत साधनांची योजना 1981 पासून चालू आहे. तिच्यातून काठ्या, स्मार्ट केन (अडथळा ओळखणारी इलेक्ट्रॉनिक काठी), ब्रेल साधने, मोबाइल मिळतात, आणि ती चांगली योजना आहे. ऐकू न येणाऱ्या बालकाच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी याच योजनेत सहा लाख रुपयांची मर्यादा होती, ती पुढे वाढवून सात लाख करण्यात आली. हा निर्णय योग्यच होता. त्यावरून एवढे दिसते की एका व्यक्तीवर एकदम सहा-सात लाख खर्च करणे शासनाला तत्त्वतः अमान्य नाही. मग त्याच योजनेत कुत्रा बसत नाही तो केवळ तो कारखान्यात तयार होत नाही म्हणून का? संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी मान्यता दिली. त्याच्या विसाव्या अनुच्छेदात हालचालीच्या साधनांबरोबर ‘जिवंत साहाय्य’ परवडणाऱ्या किमतीत उपलब्ध करून देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. हा शब्दप्रयोग माझा नाही, कराराचा आहे.

दुसरी तक्रार निधीबद्दलची. महाराष्ट्रात प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने आपल्या उत्पन्नातील 5 टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करायची आहे. वर्ष संपत आले की हा निधी घाईघाईने कसा खर्ची पडतो, हे दिव्यांगांच्या संघटना दरवर्षी सांगतात. मार्गदर्शक कुत्र्यावर हा निधी खर्च करू नये असे कोठे लिहिलेले मला कोणी दाखवले नाही. करावा असेही लिहिलेले नाही, आणि सरकारी कार्यालयात जे लिहिलेले नाही ते कोणी करत नाही. आपल्या विभागाच्या एका परिपत्रकाने हे मिटू शकते. याच्याशी जोडून एक आकडा सांगतो. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांग व्यक्तीला मिळणारे दीड हजार रुपये 2025 मध्ये अडीच हजार करण्यात आले. गोदाचे महिन्याचे खाणे साडेचार हजारांचे आहे. नोकरी नसलेल्या दृष्टिहीन माणसाला उद्या कोणी कुत्रा फुकट दिला, तरी तो त्याला खायला काय घालणार? शिवाय डबाबंद किंवा पाकीटबंद श्वानखाद्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर आहे, तर ब्रेल घड्याळावर 5 टक्के. चैनीच्या कुत्र्याचे आणि कामाच्या कुत्र्याचे पाकीट दुकानात एकच असते, हे मला कळते. त्यावर परताव्याचा उपाय आहे.

तिसरी तक्रार दारांबद्दल आहे, आणि तिचा खर्चाशी संबंध नाही असे कोणाला वाटेल. संबंध आहे. आठ लाख खर्च करून तयार झालेली कुत्री जर दवाखान्याच्या, उपाहारगृहाच्या, बसच्या दारापर्यंतच जाऊ शकत असेल, तर त्या आठ लाखांतले निम्मे दारातच बुडतात. पुतणीला एका वाहकाने भर पावसात उतरवले. एका प्रयोगशाळेत रक्त द्यायला गेली असता गोदाला बाहेर खांबाला बांधा, असे सांगण्यात आले. मग आत खुर्चीपर्यंत मला कोण नेणार, असे तिने विचारल्यावर तिथे कोणाकडे उत्तर नव्हते. तिच्या गृहनिर्माण सोसायटीने लिफ्टच्या वापराबद्दल वेगळे शुल्क लावण्याचा ठराव आणला होता. असे शुल्क लावू नये, असे भारतीय पशुकल्याण मंडळाचे 2015 चे परिपत्रक सांगते, ते दाखवल्यावर ठराव मागे पडला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये 21 प्रकारचे दिव्यांगत्व मोजले आहे, वाजवी सोयी देण्याचे बंधन आहे, नियमभंगाला दंडही आहे. पण मार्गदर्शक कुत्र्याचा उल्लेख अधिनियमात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी सुगम्यतेचे निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असा निकाल दिला. त्यानुसार जे निकष नव्याने बांधले जातील त्यांत हा प्राणी असावा, असे राज्याने केंद्राला आताच कळवले नाही, तर पुढची संधी कधी येईल हे सांगता येत नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा विषय मी थोडक्यात संपवतो, कारण त्यावर सध्या सगळेच बोलत आहेत. गोदा कामावर असताना भुंकत नाही आणि भांडत नाही; त्यामुळे टोळीने अंगावर येणाऱ्या कुत्र्यांपुढे ती आणि पुतणी दोघीही असाहाय्य असतात. दोनदा चावा बसला आहे. कुत्रे मारून टाकावेत असे म्हणणाऱ्यांतला मी नाही, तो माझ्याच्याने होणारा विचार नाही. पण प्राणी जन्मनियंत्रण नियम, 2023 नुसार नसबंदी व लसीकरण नेटाने झाले असते, तर माझ्या प्रशिक्षणातले काही महिने तरी वाचले असते.

आता आपल्या बाजूने येणारा प्रश्न. एका कुत्र्याच्या पैशांत किती काठ्या येतील? आयआयटी दिल्लीत घडलेली स्मार्ट केन बाजारात आली तेव्हा सुमारे तीन हजारांना मिळत होती. त्या हिशेबाने अडीचशेहून अधिक. प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळत नाही. प्रत्येक दृष्टिहीन व्यक्तीला कुत्रा हवा असतो असे नाही. कित्येकांना कुत्र्याची भीती वाटते, कित्येकांचे घर एका खोलीचे असते, कित्येकांना काठीच सोयीची पडते. ज्या देशांत नव्वद-शंभर वर्षे या शाळा चालू आहेत, तिथेही बहुसंख्य दृष्टिहीन लोक काठीच वापरतात. म्हणूनच हा खर्च तिजोरीला बुडवणारा नाही. मागणारे थोडे असतील. मार्गदर्शक कुत्रा साधारण आठ वर्षे काम करतो. आठ लाख आठ हजारांना आठ वर्षांच्या दिवसांनी भागले तर दिवसाला पावणेतीनशेच्या आसपास येतात, रोजचे खाणे धरले तर सव्वाचारशे. पुतणी पूर्वी कामावर रिक्षाने जात असे तेव्हा दोन्ही वेळचे तीनशेच्या वर होत, आणि रिक्षा तिला फक्त बँकेच्या फाटकाशी सोडत असे. संध्याकाळी भाजी आणायला, मैत्रिणीकडे, किंवा कुठेच जायचे नसताना नुसते चालायला तिला रिक्षाचा उपयोग नव्हता. गेल्या वर्षभरात ती एकटी किती चालली, ते तिच्या मोबाइलमध्ये आहे. तो आकडा पाहून तिची आई अर्धा तास बोलली नव्हती.

ज्ञान नाही, माणसे नाहीत, जागा नाही, असेही कृपया म्हणू नये. ग्वाल्हेरजवळच्या टेकणपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे श्वान प्रशिक्षण केंद्र 1970 पासून आहे. मीरतला लष्कराचे आहे. बंगळूरजवळ केंद्रीय राखीव पोलीस दलाचे आहे. आणि आपल्या पुण्यात, शिवाजीनगरला, गुन्हे अन्वेषण विभागाचे केंद्र आहे, जिथे मुंबईचा जंजीर तयार झाला. 1993 च्या स्फोटांनंतर त्या कुत्र्याने तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स शोधून काढले आणि नोव्हेंबर 2000 मध्ये तो गेला तेव्हा पोलीस दलाने त्याला सन्मानाने निरोप दिला. आम्हा हँडलरांना आजही त्याचे नाव घेताना ताठ व्हायला होते. त्याच्या प्रशिक्षणाचा खर्च मुंबईतल्या कोणत्या नागरिकाकडून वसूल करायचा, असे कोणी म्हटले नाही. राज्यात दरवर्षी माझ्यासारखे हँडलर निवृत्त होतात आणि बहुतेक जण सुरक्षारक्षकाची नोकरी धरतात. त्यांच्या हातातली कला त्यांच्या टोपीबरोबर खुंटीला लागते.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

मार्गदर्शक कुत्रा, तसेच श्रवणबाधित आणि अपस्मारग्रस्त व्यक्तींसाठी प्रशिक्षित केलेला कुत्रा, यांना राज्याने साहाय्यभूत साधन म्हणून शासन निर्णयाने मान्यता द्यावी आणि प्रशिक्षित जोडीला छायाचित्र असलेले ओळखपत्र द्यावे. ओळखपत्र देण्याआधी कुत्र्याची चाचणी कडक असावी. गळ्यात रंगीत पट्टा बांधून पाळीव कुत्रा उपाहारगृहात नेणारे उद्या निघतील आणि त्यांची शिक्षा खऱ्या गरजवंताला भोगावी लागेल, हे मी आजच सांगून ठेवतो.

पुण्याच्या प्रशिक्षण केंद्राच्या मदतीने तीन वर्षांचा पथदर्शी प्रकल्प घ्यावा आणि त्यातून दहा कुत्री तयार करावीत. माझ्या वहीच्या हिशेबाने त्याला 80 ते 85 लाख लागतील, गळणारी पिल्ले धरून. चार-पाच निवृत्त हँडलर निवडून त्यांना आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता असलेल्या शाळेत शिकायला पाठवावे. हा खर्च वेगळा आहे आणि तो वाचवू नये, कारण मी जे अंदाजाने शिकलो ते त्यांनी नीट शिकायला हवे. कंपनी कायदा, 2013 नुसार कंपन्यांनी द्यावयाच्या सामाजिक दायित्व निधीतून यातला मोठा भाग उभा राहू शकेल, पण कंपन्या शासनाच्या योजनेला पैसे देतात, एका निवृत्त फौजदाराच्या अंगणाला देत नाहीत.

स्थानिक संस्थांच्या 5 टक्के निधीतून कुत्र्याच्या सांभाळासाठी दरमहा किमान तीन हजार रुपये देता येतील, असे स्पष्ट परिपत्रक काढावे. शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यांत या कुत्र्यांवर मोफत आणि रांगेविना उपचार व्हावेत. दृष्टिहीन व्यक्तीला कुत्र्यासोबतच्या प्रशिक्षणकाळासाठी विशेष रजा मिळावी. शहर बस, एसटी, दवाखाने, शासकीय कार्यालये आणि उपाहारगृहे यांना प्रवेशाबाबत लेखी आदेश द्यावेत आणि तो आदेश वाहकाच्या, दारावरच्या शिपायाच्या हातात मराठीत असावा. मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तो कोणी वाचत नाही. साधनांच्या केंद्रीय योजनेत बदल करण्याची शिफारस राज्याने केंद्राकडे करावी. तसेच 25 एप्रिल 2016 पासून कुत्र्यांच्या आयातीवर जे निर्बंध आहेत, त्यांत संशोधन आणि सुरक्षा दले यांना दिलेल्या सवलतीप्रमाणे या कामासाठीही सवलत मागावी, म्हणजे चांगल्या वंशाची पैदास येथे सुरू करता येईल.

आपला विभाग डिसेंबर 2022 मध्ये स्थापन झाला तेव्हा दिव्यांगांसाठीचा स्वतंत्र विभाग म्हणून आम्ही सर्वांनी त्याचे कौतुक केले होते. पुतणीने ती बातमी मोबाइलवर मोठ्याने लावून घरातल्या सगळ्यांना ऐकवली होती.

मी झालेल्या खर्चाची भरपाई मागत नाही. गोदाचा अर्ज दप्तरी दाखल राहिला तरी चालेल. ती चालते आहे. मी तिच्यानंतरच्या कुत्र्यांबद्दल बोलतो आहे, आणि काही वर्षांनी गोदाही थकेल तेव्हाच्या माझ्या वयाबद्दल बोलतो आहे. तेव्हा मी सत्तरीजवळ असेन आणि रोज चार तास चालू शकणार नाही.

वहीच्या 64 पानांची छायाप्रत या पत्रासोबत आपल्या कार्यालयात दिली आहे. शेराचा खर्च लाल शाईने आहे. एक विनंती उत्तराबाबत : ते पुतणीच्या नावे पाठवावे आणि युनिकोड मजकुराच्या फाईलमध्ये पाठवावे. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून पाठवला तर मजकूर वाचून दाखवणाऱ्या तिच्या संगणकाला ते नुसते चित्र वाटते आणि ती मला वाचून दाखवायला बोलावते. मागच्या तिन्ही कार्यालयांची उत्तरे मीच वाचून दाखवली आहेत. हे उत्तर तिला स्वतःला वाचायचे आहे.

आपला,
श्वान पथकातील एक निवृत्त सहायक फौजदार,
पुणे